अंबाजीच्या मोटारीचं चौथं चाक

सोपान काळोखे ह्यो माझा पाठचा भाऊ. एका आईचा, एका घरात वाढलेला. मी चौथी पास, त्यो दुसरीतनं पळालेला. तरीबी तळेगावापासनं खंडाळ्यापतोर मोटारीचा मानूस म्हनून पैलं नाव निघायचं ते आमच्या सोपानाचं. मी भाऊ हाये म्हनून सांगत न्हाई, सोमाटण्यात कुनालाबी इच्यारा. आनि हेबी आत्ताच सांगून मोकळा व्हतो, की त्याच्याइतकी किळस घेनारा मानूस मी जलमात बगितला न्हाई. लोकं त्याला हसायची. हसनाऱ्यांची तोंडं मला ठावं हायेत.

किळस म्हंजे श्यानाची न्हाई. श्यान त्यो उघड्या हातानं कालवायचा. म्हैस आडली तर खांद्यापतोर हात घालून रेडकू वढून काढायचा. वंगनानं कोपरापतोर काळा झाला तरी त्याच हातानं भाकरी मोडंल. त्याला किळस मानसाच्या तोंडाची. उष्ट्याची, थुकीची. दुसऱ्यानं तोंड लावलेला पेला, दुसऱ्यानं वढलेली बिडी समोर आली की ह्याच्या नरड्यात आवंढा उलटायचा. त्याच्या लग्नात नवरीच्या हातनं घास घ्यायची येळ आली तवा ह्यानं भर मांडवात तिला आदी हात धुवायला लावलं. वऱ्हाड हसून लोळलं. नवरी रुसली ती पाचपरतावनं झालं तरी बोलंना.

मोटारीच्या धंद्यात आला तरी त्येच. डायव्हर लोक टाकीतनं तेल काढायला रबराची नळी तोंडानं वढायचे, आनि एकच नळी अख्ख्या लोणावळ्याच्या तोंडात फिरायची. दात पडके, हिरड्या सुजक्या, तंबाखूची लाळ गळती, समदी तोंडं त्या एका नळीला. सोपान आपली नळी माळंगत गळ्यात घालून हिंडायचा. कुनी मागितली की म्हनायचा, "बैल माग, सोडून देतो. नळी न्हाई मिळायची."

आता असल्या मानसानं चाकरी धरावी कुनाची? तर अंबाजीची.

अंबाजीचं लोणावळ्याच्या बाजारात हाटेल व्हतं. हाटेल म्हनायचं आपलं. कळकट पत्र्याचं छप्पर, चार बाकडी, आनि माश्या एवढ्या, की चहावर बशी झाकूनच आनायला लागायची. अंबाजीच्या तोंडात चोवीस तास पान. ते थुकायचा बी आळस. गालात तोबरा धरून बोलायचा, आनि समोरच्या मानसाच्या सदऱ्यावर तांबडे ठिपके उडायचे. कपबशी धुवायची म्हंजे एका बादलीत बुडवून काढायची. ती बादली सकाळी भरली की रातच्याला वतायची. सोपान तितं कधी पान्याचा थेंब घ्यायचा न्हाई. डब्यातलं घरचं पानी प्यायचा, त्येबी अंबाजीकडं पाठ करून.

पन अंबाजीकडं मोटार व्हती. पुढं दोघांपुरती जागा, मागं उघडा हौदा. अडतीस सालचं मॉडेल. बंगलेवाल्यांचं सामान, भाताची पोती, भाजीपाला, जे मिळंल ते त्यात जायचं. मोटार सोपानानं लेकरागत जपली. हौदा झाडून घ्यायचा, काच पुसायचा, आनि अंबाजीनं दारावर मारलेली पिचकारी रोज सकाळी तोंड फिरवून काडीला चिंधी बांधून धुवायचा. माझा भाऊ, काळोख्यांचा पोरगा, आनि लोकाच्या पानाची थुकी धुवायचा. मला आजबी ते आठवलं की अन्न ग्वाड लागत न्हाई.

आमची धाकटी भैन मुक्ता खोपोलीला दिली व्हती. नवरा तितल्या वीजघरात कामाला. मुक्ताला पैल्यांदाच दिस गेलते, आनि पैलं बाळंतपन म्हायेरी, ह्यो रिवाज. तिच्या घरचा आनि येक रिवाज असा, की आटवा म्हैना लागला की पोटुशीनं गावची वेस ओलांडायची न्हाई. मंग बाळंतपन सासरीच. आनि मुक्ताची सासू शालूबाई ही अशी बाई, की सुनंला घोटभर पेज द्यायची तर आदी चार शेजारनींना दाखवून यायची. तिच्या हाताखाली आमची भैन बाळंत व्हनार म्हनल्यावर आई येड्यावानी झाली. सोपानानं आईला शबूद दिला. "आई, मुक्तीला मी मोटारीनं आनतो. रेल्वेनं न्हाई, कर्जतला गाडी बदलताना सोल्जरांची रेटारेटी असती. दारात मोटार उभी करतो." आनि त्यानं त्यो निरोप शालूबाईलाबी धाडला. अंबाजीनंबी व्हय म्हनलं, कारन त्याला खोपोलीला पोती पोचवायचीच व्हती.

ठरलेल्या दिसाच्या आदल्या दिशी मोटारीचं मागचं डाव्या हाताचं चाक चिरलं. टायर चांगला, पन आतली लोखंडी चकती बोल्टाच्या भोकापासनं उभी फाटली. लढाईचे दिस. नवं चाक म्हंजे देव भेटल्यागत. जादा चाक अंबाजीनं कवाच इकून खाल्लं व्हतं. आनि मुक्ताचा सातवा म्हैना उद्याच्या दिशी सरत व्हता.

आमचा आबा, रखमाजी काळोखे, अंबाजीला इकलेली नव्या भाताची पोती गाडीत घालून त्या दिशी लोणावळ्याला आला व्हता. मोटारीनं लेकीकडं जायचं म्हनून. आबाला मोटारीचा राग. जलमभर बैलगाडी हाकलेला मानूस. आबाची गाडी मैलावरनं वळखू यायची. आखावर चाक जरा सैल ठेवलेलं असतं, ते चालताना आखाच्या टोकाच्या खिळीवर, म्हंजे कुनीवर, आपटतं आनि ठक ठक वाजतं. आमच्याकडं त्याला चाक बोलतंय म्हनत्यात. ज्याचं चाक बोलत न्हाई ती गाडी मुकी. आबाच्या गाडीवानी बोलनारं चाक पवन मावळातबी नव्हतं, हे मी छातीवर हात ठिवून सांगतो.

तर आबा बाकड्यापासनं लांब उभा, सोपान चिरलेल्या चाकाजवळ उकिडवा, आनि अंबाजी आला. गालात तोबरा. म्हनला, "रडतूस काय बायावानी? चाक हाये की आपल्याकडं. त्ये काय तितं."

त्यानं बोट दावलं तितं बगून सोपानाच्या अंगावर काटा आला.

हाटेलाच्या मागं मोरीपाशी बाकडं व्हतं, आनि बाकड्यापुढं येक जुनं लोखंडी चाक आडवं पडलेलं. अंबाजीच्या आदीच्या मोटारीचं. गिऱ्हाइकं चहा पिऊन तितं बसायची, पान लावायची, आनि चाकाच्या भोकात नेम धरून पिचकाऱ्या मारायची. पैजा लावून मारायची. चार पावसाळे समद्या लोणावळ्याची थुकी त्या चाकानं झेलली व्हती. कात, चुना, तंबाखूचा चोथा, बेडके, समदं थरावर थर वाळून लोखंड दिसत नव्हतं. वरनं मोरीचं खरकटं. माश्या घोंगावत व्हत्या आनि येक खरजुलं कुत्रं ते चाटत व्हतं.

सोपान म्हनला, "शेठ, त्ये चौतीसच्या मोटारीचं चाक."

"मंग? कंपनी तीच न्हवं?"

"कंपनी तीच, पन साल येगळं. मधी चाकं बदलली असत्याल."

"चाकाला काय जनमपत्रिका असती व्हय रं? बोल्ट पाच, भोकं पाच. बसतंय."

आबानं लांबनंच मान हालवली. "शेठ बरोबर बोलतोय सोपाना. एका सुताराच्या हातची चाकं कुनाच्याबी गाडीला बसत्यात. आपल्या गाडीला गेल्या साली सुदुंबऱ्याच्या पावन्याचं चाक न्हाई घातलं? काय झालं? बोललं की न्हाई?"

सोपानाला बापाफुडं तोंड उघडता येईना. पन काम त्यो शिकलेला व्हता, आनि नीट शिकलेला व्हता. त्यानं सुतळी घेतली. मोटारीच्या बोल्टांमधलं अंतर मापलं, सुतळीला गाठ मारली. मंग लांब वाकून, येका हातानं नाक दाबून, ती सुतळी चाकाच्या भोकांवर धरली. गाठ बरोबर भोकावर आली. मधलं भोक मापलं. तेबी जमलं. आता ऱ्हायली येकच गोष्ट. ह्या अडतीसच्या मोटारीचे नट टोकाला निमुळते, भवऱ्याच्या आरीकडच्या अंगागत. त्यो नट भोकात रुतून बसायचा तर भोकाचा काठबी उतरता पायजे, नरसाळ्यागत. काठ सरळ आसंल तर नट फकस्त कडंवर टेकतो. घट्ट लागतो, पन बसत न्हाई. आनि काठ सरळ का उतरता ते थुकीच्या थराखाली दिसत नव्हतं. त्ये बोट घालूनच कळनार.

सोपानानं बोट फुडं केलं. भोकापासनं इतभर आलं आनि थांबलं. त्याला वकारी आली. तोंडाला पानी सुटलं, डोळ्यातनं पानी आलं. त्यो उठून भिताडाला धरून उभा ऱ्हायला.

अंबाजी खदाखदा हसला. "आवं रखमाजी, ह्यो तुमचा ल्योक का लेक?"

मी तितं नव्हतो. असतो तर अंबाजीचा तोबरा त्याच्या घशात गेला असता.

सोपानानं हाटेलातल्या गेणूला हाक मारली. गेणू भजी तळनारा. त्याला कशाचंच काय वाटायचं न्हाई, भज्याच्या पिठात घाम पडला तरी ढवळून घ्यायचा. "गेन्या, ह्ये धू. आनि भोकात बोट फिरवून सांग, काठ उतरता हाये का सरळ."

गेणूनं दोन बादल्या वतल्या, वरवर राख फिरवली, भोकाभोकात बोट घातलं, आनि बोट धोतराला पुसत म्हनला, "उतरता हाये."

"नीट बघ."

"आरं पाचीत घातलं! पाचीबी उतरती. नरसाळ्यावानी. तू घालून बघ की!"

सोपानानं न्हाई घातलं. हितं माझा भाऊ चुकला. चुकला तर चुकला म्हनतो, मी झाकत न्हाई. गेणू खोटं बोलला नव्हता. काठ खरंच उतरता लागत व्हता. पन त्यो उतार लोखंडाचा नव्हता.

टायर त्या चाकावर चढला. सोपानानं हाताला चिंध्या गुंडाळल्या आनि चाक बोल्टावर घातलं. पाची भोकं पाची बोल्टात. नट आवळले, पान्ह्यावर पाय देऊन आवळले. अंबाजीनं चाकावर नारळ फोडला आनि खोबरं तोंडात घालायला पान गालातल्या गालात सरकवलं.

"चला, वळवण गावापतोर फिरवून आनू," त्यो म्हनला. "चार पोती टाक मागं."

आबा मागं हौद्यात पोत्यावर बसला, अंबाजी फुडं. वळवण आलं, मोटार वळवली. परत येताना हौद्यातनं आवाज याय लागला. ठक. जरा गेलं की ठक. मंग वळनावर ठक ठक. सोपानाला वाटलं हौद्याची साखळी सुटली. त्यानं कान दिला.

तेवढ्यात मागनं आबाची आरोळी. "सोपाना! आरं, चाक बोलतंय तुझं!"

"काय म्हनतूस आबा?"

"चाक बोलतंय म्हनलं! आपल्या गाडीवानी! आज पैल्यांदा तुझी मोटार मला बरी वाटली बघ!"

मोटारीचं चाक बोलू नये, ह्ये सोपानाला ठावं नव्हतं असं न्हाई. पन आबानं त्याच्या मोटारीला येवढ्या वरसात कधी बरं म्हनलं नव्हतं. डायव्हर झाला तवा आबा म्हनला व्हता, काळोख्याच्या पोरानं रॉकेलचा वास अंगाला लावून घेतला. त्या बापानं आज भर रस्त्यात शाबासकी दिली. सोपानाची छाती फुगली, आनि त्या आवाजाचं त्यानं वाईट मानलंच न्हाई. आपल्या घरातला आवाज तो. पाळन्यात असल्यापासनं ऐकलेला.

हाटेलाफुडं मोटार थांबली. अंबाजीनं भजी मागवली. सोपान आपला डबा घेऊन पानी प्यायला मागल्या बाजूला गेला, आनि त्याची नजर चाकावर पडली.

पाची नटांखालनं तांबडे ओघळ आले व्हते. पान खाल्लेल्या म्हाताऱ्याच्या तोंडाच्या कोपऱ्यातनं येत्यात, अगदी तसे.

"शी! शी, शी, शी!" सोपान वराडला. "गेन्या! मेल्या, धुतलंस म्हनालास न्हवं?"

गेणू झारा घेऊन भाईर आला. "धुतलं की!"

"मंग ही थुकी कुनाची? तुझ्या आज्याची?"

"आज्याला काडू नगंस सोपाना. आत भोकात ऱ्हायली आसंल जरा. फिरताना भाईर आली."

"पूस ती!"

"तूच पूस. माझी भजी करपत्याली."

सोपानानं तोंड फिरवलं. डब्यातलं पानी प्यायला गेला, घोट घशात जाईना. पानी थुकून दिलं. जरा लांब जाऊन आंब्याखाली बसला. डोळे मिटले तर त्येच ओघळ दिसायला लागले. त्यो मला नंतर म्हनला, की त्या आंब्याखाली त्याला आदी फकस्त किळस येत व्हती. आनि मंग किळस येता येताच येक गोष्ट टोचाय लागली. थुकी वाळलेली व्हती. चार वरसांची वाळलेली. वाळलेल्या थुकीला वघळायला पानी लागतं. गेणूनं वतलेलं पानी कवाच वाळलं, रस्ता तर कोरडाठाक, मार्गशीर्षाचं ऊन. मंग ओघळ कशाचा?

त्यो उठला. चाकाजवळ गेला. बसला. ओघळ तांबडा व्हता, सुका व्हता, तपकिरीगत भुसभुशीत व्हता. पान का लोखंड? पानातल्या कातानं तसाच रंग येतो. गंजाला बी तसाच. डोळ्यानं कळंना. नाकानं बगितलं, सगळ्या चाकाला त्योच घान वास.

कळायची येकच रीत व्हती.

आता मी सांगतो ते वाचताना ज्यांना नाक मुरडायचं आसंल त्यांनी मुरडावं. ज्या मानसानं बायकूला हात धुवायला लावून घास घेतला, ज्यानं सख्ख्या भावाच्या पेल्याला कधी तोंड लावलं न्हाई, त्या मानसानं हाताची चिंधी सोडली, उघडं बोट त्या नटाखाली घातलं, तांबडी भुकटी बोटावर घेतली, आनि जिभंवर ठेवली.

आदी चुना लागला, जीभ भाजली. मंग कात, तुरट, कुजका. कुना दात किडक्याच्या तोंडातला, कुना खोकत्याच्या. सोपानाच्या पोटातनं सकाळची भाकरी वर आली ती त्यानं दाबून धरली. जीभ टाळूवर घासली. आनि सगळ्याच्या खाली, शेवटाला, त्याला रगताची चव लागली. रगत न्हाई. लोखंड.

मंग मातूर त्यो मोरीकडं पळाला आनि पोट रिकामं हुईस्तोर वकला.

परत आला त्यो पान्हा घेऊन. पैला नट हातानंच फिरला. पाय देऊन आवळलेला नट, आनि बोटानं फिरला. दुसरा तसाच. पाची नट सदऱ्याच्या खिशात टाकले, चाक वढून काढलं आनि आडवं टाकलं.

"आबा, हिकडं ये," त्यो म्हनला. "बघ."

आबा वाकला. अंबाजीबी आला, भजं चावत. पाची भोकांतला कात-चुन्याचा थर भुगा हून गेला व्हता. ज्याला गेणू उतार म्हनला त्यो उतार त्या थराचा व्हता. वाळलेल्या थुकीचा. नट त्या थुकीवर घट्ट झालते. थर चुरला, नट मोकळे झाले. खाली भोकाचे काठ सरळ, जुन्या मॉडेलाचे, आनि निमुळत्या नटानं ते काठ खाऊन भोकं लांबुळकी झाली व्हती. वळवणला जाऊन येईस्तोर येवढं. त्यो ओघळ म्हंजे खाल्लेल्या लोखंडाची भुकटी.

"ह्ये बोलत व्हतं आबा," सोपान म्हनला.

 आबानं भोकात अंगठा फिरवला, फिरवत ऱ्हायला.

अंबाजी म्हनला, "हात्तिच्या! येवढंच? वाटंत दोन जागी थांबून नट आवळायचे. खोपोली काय इलायतंत हाये का?"

"भोकं मोठी झाली शेठ. आता आवळून ऱ्हात न्हाईत. घाटात चाक निगालं तर सरळ दरीत."

"पत्र्याचं तुकडं घालू की मधी. गेन्या, त्यो डालड्याचा डबा काप!"

"मी न्हाई चालवायचा."

"नको चालवू!" अंबाजीच्या तोंडातला तोबरा उडाला, थोडा सोपानाच्या गालावर. "मला येत न्हाई काय चालवाय? पोती माझी, मोटार माझी. मी नेतो. आनि तुझ्या भैनीलाबी मीच घिऊन येतो. तू निरोप धाडलास न्हवं, मोटार येनार म्हनून? ती दारात नटून बसली आसंल. माझ्या शेजारी बसून यील मजेत!"

सोपानानं गाल पुसला न्हाई.

अंबाजी बोलला ते खरं व्हतं. मुक्ताला काय ठावं? दारात मोटार आली की ती म्हननार, दादानं धाडली. सासू म्हननार, जा बाई. पोटुशी पोर त्या थुकीच्या चाकावर बसून घाट चढनार, आनि शेजारी अंबाजी पान चघळत.

हाटेलाच्या मागं, मोरीच्याबी पल्याड, संडासाचा खड्डा व्हता. साऱ्या बाजाराचा. त्याच्या वासानं मानसं शंभर पावलावरनं पदर नाकाला लावायची. सोपानानं चाक उभं केलं आनि ढकलत निघाला.

"ए! कुटं न्हेतूस?" अंबाजी वराडला. "टायर हाये त्याला! लढाईच्या टायमाला टायर! आरं ए सोपान्या!"

खड्ड्याच्या कडंला जाऊन सोपानानं चाकाला शेवटची लाथ घातली. पचाक्कन आवाज झाला. टायरात हवा, म्हनून चाक बुडलंबी न्हाई. त्या घानीवर तरंगत गोल फिरत ऱ्हायलं, त्याच्या लायकीच्या जागी.

"जा, काढ," सोपान म्हनला. "थुकीतलं चालतं तुला, ह्येबी चालंल."

चाकरी तितंच सुटली, हे सांगाय नगं. अंबाजीनं आमच्या सात पिढ्या काढल्या. सोपानानं येकच केलं, आपली नळी गळ्यात घातली आनि चालता झाला. आबा तवर आपल्या गाडीचं चाक उतरवून आखाला वंगन घालत बसला व्हता. मान खाली घालून, फडकं फिरवत. सोपान जवळ आला तसा म्हनला, "उतरताना बैलांना दम पडंल. तांबडं फुटायला निघू. दुपारच्या आत तिला वेस ओलांडून काढायची, मंग घाटात रात काढली तरी चालंल."

"सासू काय म्हनंल आबा? मोटार सांगितली आनि बैलगाडी न्हेली."

"म्हनू दे," आबा म्हनला. "बोललेलं चालतं मला. तुझ्या चाकानं बोललेलं चालत व्हतं, तिनं बोललेलं न्हाई व्हय चालायचं?"

दुसऱ्या दिशी सकाळी गाडी बाजारातनं निघाली तवा उजाडत व्हतं. हाटेलामागं कुनीतरी उभं दिसलं. अंबाजी. धोतर मांड्यापतोर खोवलेलं, हातात विहिरीतलं भांडं काढायचा गळ. चाक वर आलं व्हतं. त्याच्यावरनं काय काय गळत व्हतं ते मी लिवत न्हाई. गेणू लांब आंब्याखाली उभा, सदऱ्याचा काठ नाकात कोंबलेला. "शेठ, चाकरी गेली तरी चालंल, ह्ये मी न्हाई धुवायचा," त्यो म्हनत व्हता. ज्या गेणूला कशाचं काय वाटत नव्हतं, त्यो!

अंबाजीनं गाडी बगितली आनि वराडला, "सोपाना! काढलं बघ मी! नट कुटं ठिवलंस रं? नट!"

सोपानानं खिशावर हात ठेवला. पाची नट तितंच व्हते, काल टाकले तसे. त्याला ठावंबी नव्हतं. त्यानं खिसा मुठीत आवळला आनि आबाला म्हनला, "हाक."

ते नट द्यायला पायजे व्हते असं म्हननारी मानसं अजून हायेत आमच्या गावात. मी त्यांच्या घरी पानी पीत न्हाई.

गाडी घाट उतरली, बैलांच्या तोंडाला फेस आला, खोपोलीत शिरली तवा ऊन कडक झालतं. शालूबाई वट्यावरच बसली व्हती. शेजारच्या दोघीजनी मोटार बघायला बोलवून ठेवलेल्या.

"आगंबाई, पावनं!" ती म्हनली. "मी म्हनलं भोंगा कसा ऐकू आला न्हाई. ही कोनती नवी मोटार? ह्या मोटारीला शेपटं हायेत वाटतं!"

शेजारनी खिदळल्या. आबा बैलांना पानी दावायला वळला.  मुक्ता बोचकं घेऊन दारात आली, गाडीकडं बगितलं, भावाकडं बगितलं, आनि काय समजायचं ते समजली. सासूच्या पाया पडली. गाडीत पेंढ्यावर आईची वाकळ आथरलेली व्हती. सोपानानं तिला चढवायला हात फुडं केला.

त्यो हात धरला आनि तिनं नाक मुरडलं. "शी! सोपानदादा, तुझ्या नखात ह्ये तांबडं काय?"

"गंज हाये."

"तू, आनि हात न धुता आलास? आनि खिशात काय खुळखुळतंय?"

"नट," सोपान म्हनला. "बस गाडीत. वेस ओलांडायची हाये."